स्वयंचलित जाहिरात-मांडणी सेवा : वर्षभराच्या वापरानंतर

पाचपैकी तीन तारे, आणि तेही सेवेची मूळ सेटिंग्ज बऱ्यापैकी बदलून घेतल्यानंतरचे. ती जशी हाती आली तशीच चालू ठेवली असती, तर एका ताऱ्याच्या पलीकडे मी गेलो नसतो. सेवेचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण याच पद्धतीने काम करणाऱ्या सेवा अनेक आहेत आणि पुढे सांगितलेले बहुतेक गुणदोष एखाद्या कंपनीच्या कारभारापेक्षा या पद्धतीतूनच उद्भवणारे आहेत.

सायकलची देखभाल आणि दुरुस्ती पायरीपायरीने समजावून सांगणारी एक वेबसाइट मी चालवतो. लेखांची संख्या शे-दीडशेच्या घरात आहे. काही लेख दोन स्क्रीनमध्ये आटोपतात, तर काहींसाठी वाचकाला बराच वेळ बोट फिरवावे लागते. सर्व्हरचे भाडे, डोमेनचे नूतनीकरण आणि छायाचित्रे काढण्यासाठी लागणारे सुटे भाग एवढा खर्च जाहिरातींतून निघावा, ही माझी माफक अपेक्षा. पूर्वी प्रत्येक पानावर दोन जाहिराती मी स्वतःच बसवल्या होत्या, एक लेखाच्या आरंभी आणि एक शेवटी, आणि त्यांतून खर्च जेमतेम भागत असे. अशा वेळी या सेवेचे आश्वासन मोहात पाडणारे होते. पानाच्या कोडमध्ये फक्त एक ओळ टाकायची. जाहिराती किती, कुठे, कोणत्या आकाराच्या आणि कोणत्या वाचकाला दाखवायच्या, हे सारे त्यांची यंत्रणा ठरवणार.

जोडणीबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही. कोडची ओळ टाकण्यास पाच मिनिटे लागली. वेबसाइटच्या मुळाशी अॅड्स डॉट टीएक्सटी ही फाइल ठेवावी लागते. आपल्या पानांवरील जागा विकण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे याची ती जाहीर यादी असते आणि तोतया विक्रेत्यांना आळा बसावा म्हणून २०१७ पासून ती प्रचारात आली. सेवेने पाठवलेली यादी मात्र इतकी लांबलचक होती की आपल्या चार भिंतींआड एवढी मंडळी दुकान मांडून बसणार आहेत हे पाहून थोडे अवघडायला झाले. जाहिरातींसाठी माहिती वापरण्यास वाचकाची संमती विचारणारी चौकटही तयार मिळाली. नकाराचे बटण होकाराच्या बटणाइतकेच ठळक होते, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाइलवर ब्रेकच्या पॅड बदलण्याचा लेख उघडला आणि त्यातील जाहिराती मोजल्या. अकरा होत्या. त्यांपैकी एक खालच्या कडेला चिकटून बसलेली, एक कोपऱ्यात आपोआप सुरू होणारा व्हिडिओ आणि बाकीच्या दर दोन-तीन परिच्छेदांच्या मध्ये. दुसऱ्या लेखाच्या दुव्यावर बोट ठेवले तेव्हा बारावी जाहिरात पूर्ण स्क्रीन व्यापून समोर आली. जाहिरातींचे प्रमाण ठरवणाऱ्या सेवेच्या स्लायडरवर ‘कमी’, ‘मध्यम’ आणि ‘जास्त’ असे तीन टप्पे आहेत; ही स्थिती ‘मध्यम’ची होती.

तरीही मी आठ-दहा दिवस काही बदलले नाही, कारण डॅशबोर्डवरील कमाईचा आलेख चढत होता आणि चढता आलेख पाहून हात आखडणे कोणालाही सोपे जात नाही. डोळे उघडले ते सायकलच्या स्टँडपाशी. मागच्या डिरेलरवर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या गिअरच्या भागावर, एच आणि एल अशी अक्षरे कोरलेले दोन छोटे स्क्रू असतात. एच स्क्रू चेनला सर्वांत लहान चकतीच्या बाहेर जाऊ देत नाही आणि एल स्क्रू सर्वांत मोठ्या चकतीच्या आत, चाकाच्या बाजूला जाऊ देत नाही. एल सैल राहिला तर चेन मोठ्या चकतीवरून उतरून थेट आऱ्यांत जाते, आणि हे चालत्या सायकलवर घडले तर डिरेलर वाकतो, आरे तुटतात, कधी चाकच जागच्या जागी अडकते. हा लेख मीच लिहिलेला. छायाचित्रे नव्याने काढायची होती म्हणून फोन बाकावर टेकवून, ग्रीसने माखलेल्या हातांनी मी माझ्याच सूचना वाचत काम करत होतो. एल स्क्रू घड्याळाच्या दिशेने पाव वेढा फिरवा, हे वाक्य वाचले, मान खाली घालून स्क्रूड्रायव्हर लावला आणि किती फिरवायचे याची खात्री करण्यासाठी पुन्हा वर पाहिले, तर त्या जागी दुसरेच वाक्य होते. वरच्या बाजूला उशिरा आलेल्या जाहिरातीने सगळा मजकूर खाली ढकलला होता, आणि माझी नजर जेथे होती तेथे आता एच स्क्रू उलट्या दिशेने फिरवण्याची सूचना आली होती. मी ती वाचली आणि एल स्क्रू उलटा फिरवला. लेख माझाच असल्यामुळे चूक लगेच लक्षात आली. पहिल्यांदाच डिरेलरला हात लावणाऱ्या वाचकाच्या लक्षात ती कशी यावी?

मजकुराच्या या उडीला मोजमाप आहे. गूगलने २०२० मध्ये पानाच्या अनुभवासाठी जे निकष जाहीर केले त्यांत मांडणीच्या अस्थिरतेचा एक आकडा आहे. हलणाऱ्या मजकुराने स्क्रीनचा किती भाग व्यापला आणि तो किती अंतर सरकला, या दोन प्रमाणांचा तो गुणाकार असतो. हा आकडा ०.१ किंवा त्याहून कमी असेल तर पान चांगले, ०.२५ च्या वर गेला तर वाईट. आता माझे उदाहरण घेऊ. स्क्रीनची उंची ८०० पिक्सेल आहे, ती मजकुराने पूर्ण भरलेली आहे आणि वरच्या कडेला २५० पिक्सेल उंचीची जाहिरात येऊन बसते. मजकुराने व्यापलेला भाग पूर्ण, म्हणजे १. सरकलेले अंतर २५० भागिले ८००, म्हणजे सुमारे ०.३१. एका धक्क्यातच पान ‘वाईट’ या वर्गात जमा होते.

याचा उपाय सोपा आणि जुना आहे. जाहिरात येण्यापूर्वीच तिच्यासाठी तेवढ्या उंचीची रिकामी चौकट पानावर राखून ठेवायची, म्हणजे जाहिरात कितीही उशिरा आली तरी मजकूर जागचा हलत नाही. सेवेत ही सोय आहे. शोधायला मात्र मला बराच वेळ लागला, कारण ती ‘प्रगत’ या भागातील तिसऱ्या पानावर आहे आणि मुळात बंद ठेवलेली आहे. ती बंद का, असे विचारले असता मदत-कक्षाकडून आलेले उत्तर प्रामाणिक होते, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे. प्रत्येक जागा खरेदीदारांच्या बोलींतून, लिलावाने विकली जाते आणि त्यात अनेकदा वेगवेगळ्या उंचीच्या जाहिराती जिंकतात. चौकटीची उंची आधीच ठरवली तर मोठ्या आकाराच्या जाहिराती बाद होतात आणि बोली थोडी उतरते. म्हणजे वाचकाच्या पायाखालची जमीन हलू नये याची किंमत सेवेला माहीत आहे आणि ती मोजायची की नाही हे मूळ सेटिंगने माझ्या वतीने परस्पर ठरवून टाकले आहे.

चौकट राखून ठेवल्यावर दुसरा प्रश्न उभा राहतो. कोणीच बोली लावली नाही तर तेथे कोरी पोकळी दिसते. ती मिटवून टाकावी तर मजकूर आता वर उडी मारतो. मी अशा रिकाम्या चौकटीत माझ्याच एखाद्या लेखाचा दुवा दाखवण्याची व्यवस्था केली आहे. सेवेत त्यासाठी पर्यायी मजकुराची सोय आहे आणि ती उत्तम चालते. खरे तर या सेवेतील मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

वेगाबद्दलही थोडे सांगायला हवे. पान उघडताच वाचकाच्या ब्राउझरमध्ये जाहिरातीच्या जागेचा लिलाव सुरू होतो. अनेक खरेदीदारांना विचारणा जाते, ठरावीक मुदतीपर्यंत उत्तरांची वाट पाहिली जाते आणि मग विजेती जाहिरात आणली जाते. हे सारे काम वाचकाच्या फोनचा प्रोसेसर करतो. नवा महागडा फोन असेल तर जाणवत नाही. जुन्या फोनवर मात्र मेन्यूला बोट लावल्यापासून तो उघडेपर्यंत स्पष्ट खंड पडतो. स्पर्श किंवा क्लिकला पानाने २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद द्यावा असा निकष मार्च २०२४ पासून वरील मोजमापांत धरला जातो, आणि माझ्या ड्रॉवरमधल्या जुन्या फोनवर ‘मध्यम’ मांडणी त्याच्या जवळपासही येत नव्हती. खालच्या जाहिराती वाचक जवळ आल्यावरच आणायच्या, हा पर्याय सेवेने सुदैवाने मुळातच चालू ठेवला आहे. तो नसता तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही.

आता संख्येकडे वळू. किती जाहिराती म्हणजे फार, याला काही प्रमाण आहे की प्रत्येकाने आपापल्या मर्जीने ठरवायचे? प्रमाण आहे. जाहिरातदार, प्रकाशक आणि तंत्रज्ञान कंपन्या यांनी मिळून स्थापन केलेल्या कोअॅलिशन फॉर बेटर अॅड्स या संघटनेने मार्च २०१७ मध्ये वाचकांची मते अजमावून काही मर्यादा जाहीर केल्या. मोबाइलवर जाहिरातींची एकूण उंची मुख्य मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. पॉप-अप, म्हणजे मजकुरावर आपोआप उघडणारी खिडकी, लखलखणारी चित्रे, आवाजासह आपोआप सुरू होणारा व्हिडिओ आणि स्क्रीनचा ३० टक्क्यांहून अधिक भाग अडवणारी चिकट जाहिरात नसावी, वगैरे. गूगलच्या क्रोम ब्राउझरने १५ फेब्रुवारी २०१८ पासून, प्रथम उत्तर अमेरिका आणि युरोपात, या मर्यादा वारंवार ओलांडणाऱ्या साइटवरील सर्वच जाहिराती रोखायला सुरुवात केली आणि ९ जुलै २०१९ पासून ती तरतूद जगभर लागू झाली. त्यामुळे ही केवळ शिष्टाचाराची गोष्ट राहिलेली नाही.

सेवेच्या जाहिरातपत्रकात या मर्यादा पाळत असल्याचा उल्लेख ठळक अक्षरांत आहे आणि तो बहुतांशी खरा आहे. घोळ होतो तो छोट्या लेखांत. मोजून पाहा. मुख्य भाग ४,००० पिक्सेल उंच असेल तर त्यात २५० पिक्सेलच्या चार जाहिराती बसल्यावर प्रमाण २५ टक्के होते, पाचवीला ३१ टक्के. पण माझा टायरमधील हवेचा दाब सांगणारा लेख सगळा मिळून १,५०० पिक्सेलचा. त्यात दोन जाहिराती आल्या की प्रमाण ३३ टक्क्यांवर जाते. सेवेची यंत्रणा परिच्छेद मोजून जागा ठरवते आणि या लेखात परिच्छेद छोटे पण संख्येने जास्त आहेत, म्हणून तिने तेथे तीन जाहिराती घातल्या होत्या. वाचक येतो एका तक्त्यासाठी, आणि तक्त्याच्या वर जाहिरात, खाली जाहिरात, तळाशी चिकटलेल्या पट्टीने शेवटच्या दोन ओळी झाकलेल्या. रुंद टायरांचे आकडे नेमके त्या दोन ओळींत होते. हे मला एका वाचकाच्या पत्रावरून कळले. त्याने पट्टी बंद करण्याची फुली शोधली होती, पण ती इतकी बारीक होती की दोनदा जाहिरातच उघडली.

शिवाय ३० टक्के हा आकडा मर्यादा म्हणून सांगितला आहे, ध्येय म्हणून नव्हे, ही गोष्ट यंत्रणेला कोणी सांगितलेली दिसत नाही. एकोणतीस टक्क्यांचे पान नियमात बसते; वाचायला मात्र ते तीस टक्क्यांच्या पानाइतकेच त्रासदायक असते. त्यातही जाहिराती कोठे येतात याने फार फरक पडतो. पायऱ्यांची यादी सुरू होण्यापूर्वी आलेली जाहिरात वाचक सहज ओलांडतो. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मध्ये आलेली तीच जाहिरात त्याच्या कामाचा धागा तोडते. यंत्रणेला परिच्छेद दिसतात; हा परिच्छेद मागच्या परिच्छेदाचा हात धरून चालला आहे हे तिला दिसत नाही. वर्णनपर लेखात, बातमीत किंवा यादीवजा मजकुरात हा दोष फारसा जाणवणार नाही. सूचनांच्या लेखात तो जीवघेणा आहे.

कमाईचे जे आकडे सेवा दाखवते त्यांच्याविषयी माझे मत अधिक कडक आहे. डॅशबोर्डच्या माथ्यावर एकच मोठा आकडा असतो: पान हजार वेळा पाहिले गेल्यावर मिळालेली रक्कम. जाहिराती वाढवल्या की हा आकडा वाढणारच, त्यात यंत्रणेची हुशारी नाही. पण वाचक पाने पाहायला येत नाही, तो एका भेटीसाठी येतो, आणि त्या भेटीत त्याने किती पाने वाचली हे त्या आकड्यात कोठेच नसते. समजा, एका पानामागे दोन एकक कमाई होते आणि वाचक एका भेटीत तीन पाने वाचतो. भेटीमागे सहा एकक झाले. जाहिराती वाढवल्यावर पानामागे तीन एकक मिळू लागले, पण कंटाळून वाचक सरासरी दीड पानावरच परतू लागला, भेटीमागे साडेचार. डॅशबोर्ड दीडपट वाढ दाखवतो आणि प्रत्यक्षात पाव हिस्सा कमाई गेलेली असते. भेटीनुसार हिशेब दाखवणारा अहवाल सेवेत आहे, पण तो आपण होऊन उघडावा लागतो आणि त्यात परत न आलेल्या वाचकाचा उल्लेख तरीही नसतोच.

हा परत न येणारा वाचक काही आठवड्यांत दिसत नाही, हीच खरी अडचण आहे. पँडोरा या इंटरनेट रेडिओने सुमारे साडेतीन कोटी श्रोत्यांवर २१ महिने एक प्रयोग चालवला होता आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. श्रोत्यांचे गट पाडून कोणाला तासाला कमी, कोणाला जास्त जाहिराती ऐकवल्या गेल्या. जास्त जाहिराती ऐकणाऱ्यांचे ऐकणे घटले. काहींनी पैसे भरून जाहिरातींपासून सुटका करून घेतली, काही सरळ निघून गेले. महत्त्वाची गोष्ट अशी की घट सावकाश साचत गेली, आणि महिनाभराने प्रयोग थांबवला असता तर हाती आलेला परिणाम अखेरच्या परिणामापेक्षा पुष्कळच लहान दिसला असता. गूगलच्या संशोधकांनीही २०१५ मध्ये शोध-निकालांवरील जाहिरातींबाबत असेच काहीसे मांडले होते: नको त्या जाहिराती पुन्हा पुन्हा पाहिल्या की लोक जाहिरातींकडे पाहणेच सोडून देतात, आणि हा दीर्घकालीन तोटा हिशेबात धरल्यावर त्यांनी मोबाइलवरील शोध-जाहिरातींचे प्रमाण निम्म्यावर आणले. जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीला स्वतःच्या पानांवर जे परवडले नाही, ते शे-दीडशे लेखांच्या साइटला परवडेल असे मानणे धाडसाचे आहे.

या सेवेची यंत्रणाही प्रयोग करते. वेगवेगळ्या वाचकांना वेगवेगळी मांडणी दाखवून कोणती जास्त कमावते ते ती शोधते. तिच्या प्रयोगाची मुदत मात्र दोन आठवड्यांची असते. दोन आठवड्यांच्या फूटपट्टीने मोजल्यावर जास्त जाहिरातींची मांडणी जिंकणार, यात नवल ते काय.

जाहिरातींकडे पाहणेच सोडून देणाऱ्या डोळ्यांचा विषय वर निघालाच आहे तर थोडे जुने सांगतो. वेबवरील पट्टीवजा जाहिराती २७ ऑक्टोबर १९९४ रोजी हॉटवायर्ड या नियतकालिकाच्या साइटवर सुरू झाल्या असे मानले जाते. त्यानंतर अवघ्या चार वर्षांत, १९९८ मध्ये, पट्टीसारखे दिसणारे काहीही लोक नजरेआड करतात या निरीक्षणाला संशोधकांनी ‘बॅनर ब्लाइंडनेस’, म्हणजे पट्टीबाबतचे आंधळेपण, असे स्वतंत्र नाव दिले होते. नजरेआड होणारी वस्तू अधिक मोठी, अधिक चंचल आणि अधिक आडवी करत नेण्याचा प्रवास तेव्हापासून चालू आहे. पॉप-अपचा कोड लिहिणाऱ्या एथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. मागायलाच हवी होती, असे माझे मत आहे.

चिकट पट्टीवर सेवेचा एवढा जीव का, हे समजून घेतले की पुढचे बरेच उलगडते. जाहिरात ‘दिसली’ असे मानण्यासाठी तिचे निदान ५० टक्के पिक्सेल सलग १ सेकंद स्क्रीनवर असावे लागतात, असा या व्यवसायातील प्रचलित नियम आहे. मजकुराच्या मध्ये असलेली जाहिरात भरभर बोट फिरवणाऱ्या वाचकाला एक सेकंदही दिसत नाही. तळाला चिकटलेली पट्टी मात्र तो पानावर असेपर्यंत दिसतच राहते. तिच्या दृश्यतेचे प्रमाण त्यामुळे उत्तम भरते आणि जाहिरातदार तिला चांगला भाव देतात. त्यात दर ३० सेकंदांनी पट्टीतील जाहिरात बदलण्याची सोय चालू केली की एकाच वाचकाला दहा मिनिटांत वीस जाहिराती दाखवता येतात. माझे वाचक फोन समोर ठेवून तासभर काम करतात. त्यांच्या नजरेच्या खालच्या कडेला दर अर्ध्या मिनिटाने काहीतरी हलणार, ही कल्पनाच मला सहन झाली नाही, म्हणून ती सोय मी पहिल्यांदा बंद केली.

चुकून होणाऱ्या क्लिकबद्दल मात्र अनेक साइटचालकांचा गैरसमज असतो की फुकटचे पैसे मिळाले. तसे होत नाही. अवैध ठरलेले क्लिक महिनाअखेरीस वजा होतात, आणि जे वजा होत नाहीत त्यांतून जाहिरातदाराला ग्राहक मिळत नाही. मग त्या साइटसाठी लागणारी बोली हळूहळू उतरते. बटणांना लागून किंवा फसवी वाटेल अशा जागी जाहिरात ठेवणे बहुतेक मोठ्या जाहिरात-जाळ्यांच्या नियमांत बसत नाही. सेवेने माझ्या ‘पुढील पायरी’ या बटणाच्या अगदी खाली जाहिरात बसवली होती. नियम मोडला तर खाते माझे बंद होणार, सेवेचे नव्हे, हे करारात अगदी स्वच्छ लिहिलेले आहे.

आता प्रश्न असा की इतके सगळे असूनही मी सेवा सोडली का नाही. कारण लगाम हातात घेतल्यावर ती उपयोगी आहे. मी स्लायडर ‘कमी’वर आणला, संपूर्ण स्क्रीन व्यापणाऱ्या जाहिराती आणि व्हिडिओ बंद केले, आणि पायऱ्यांच्या यादीला एक विशिष्ट खूण देऊन त्या खुणेच्या आत काहीही घालायचे नाही असे सेवेला बजावले. ही वगळण्याची सोय फार चांगली आहे आणि एकदा लावली की सगळ्या लेखांना लागू होते. मोबाइलवर आता ‘लागणारी हत्यारे’ या यादीनंतर एक आणि शेवटच्या पायरीनंतर एक अशा दोन जाहिराती येतात. फार लांब लेखात दोन प्रकरणांच्या सांध्यावर तिसरी. सर्वांसाठी २५० पिक्सेलची चौकट राखलेली आहे आणि वर ‘जाहिरात’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. तक्ते असलेल्या पानांवर तळाची पट्टी नाही, इतरत्र आहे, ५० पिक्सेलची, आणि तिची फुली बोटाला सापडेल एवढी मोठी करून घेतली आहे. मोठ्या स्क्रीनवर उजव्या रकान्यात ३०० बाय ६०० ची एक जाहिरात वाचकाबरोबर खाली येते. तिने मजकुराची एकही ओळ झाकली जात नाही, म्हणून तिच्याविषयी मला काही खंत नाही.

म्हणजे जागांची संख्या जवळजवळ पूर्वीइतकीच आहे. कमाई मात्र मी पूर्वी स्वतः बसवलेल्या जाहिरातींपेक्षा चांगली आहे, ‘मध्यम’च्या शिखरापेक्षा अर्थातच कमी. हा फरक सेवेच्या खऱ्या कौशल्यातून आला आहे: एका जागेसाठी जास्त खरेदीदारांना बोली लावायला लावणे, वाचकाच्या स्क्रीनप्रमाणे आकार निवडणे आणि जाहिरात योग्य क्षणी आणणे. या तीन गोष्टी ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या करते. जागा कोणती हे ठरवणे तिला जमत नाही. तेवढे काम साइटचालकाने स्वतःकडे ठेवावे आणि ते एकदा दोन-तीन संध्याकाळ बसून नीट करावे. आपल्याच साइटवरील एखादे काम फोन समोर ठेवून शेवटपर्यंत करून पाहण्याइतकी चांगली तपासणी दुसरी नाही.

मदत-कक्ष सभ्य आणि तत्पर आहे, उत्तर सहसा एका दिवसात येते. दर तीन उत्तरांपैकी एक साचेबंद असते, पण नेटाने पुन्हा लिहिले की माणूस भेटतो. सेवा सोडायची असल्यास महिनाभर आधी कळवावे लागते. साइन-अप करताना ही अट वाचून घ्यावी. ज्यांची साइट बातम्यांची किंवा निवांत वाचनाची आहे त्यांना मूळ सेटिंग्जमध्येही ती सुसह्य वाटू शकेल. ज्यांच्या पानांवर वाचक काही काम करायला येतो, मग ते कृती वाचणे असो, गणित मांडणे असो की फॉर्म भरणे, त्यांनी आधी वगळण्याच्या जागा ठरवाव्यात आणि मगच कोडची ओळ टाकावी.

डिरेलरचा लेख मी परवा पुन्हा फोनवर उघडून, एल स्क्रूपासून एच स्क्रूपर्यंत सगळा करून पाहिला. मजकूर जागचा हलला नाही. त्याच दिवशी सेवेकडून दर महिन्याचे पत्र आले होते, त्यात नेहमीप्रमाणे कळवले होते की आपल्या पानांवर अजून नऊ जागा शिल्लक आहेत.